बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा मुलगा

बायबलातल्या ‘२ राजे’ या पुस्तकात यहूदाचा राजा अहज्या गादीवर बसतो तेव्हा २२ वर्षांचा असतो. ‘२ इतिहास’ हे पुस्तक तीच हकिकत सांगताना त्याचं वय ४२ देतं. वीस वर्षांच्या फरकाने एरवी फारसं बिघडलं नसतं. पण त्याचा बाप यहोराम ३२व्या वर्षी राजा झाला आणि ८ वर्षं राज्य करून मेला, हेही तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे बाप चाळिशीत गेला, आणि त्याच्या मागोमाग गादीवर आलेला मुलगा बेचाळीस वर्षांचा!

श्रद्धाळू माणूस यावर म्हणतो, कोणा नकलनवीसाच्या हातून आकडा चुकला असेल, त्यात काय एवढं? संशयी माणूस म्हणतो, आकडा चुकू शकतो तर आणखी काय काय चुकलं असेल? या दोन वाक्यांभोवती एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कपाटंच्या कपाटं भरली. मला कुतूहल आहे ते तोच वाद आपल्या देशात आग्र्याच्या शाळेत आणि मुंबईच्या चौपाटीवर कसा झाला याचं.

आग्र्याचा वाद १८५४ सालचा. एप्रिलच्या १० आणि ११ तारखेला मिशनच्या आवारातल्या शाळेत लोक जमले. एका बाजूला कार्ल फांडर. मूळचा जर्मन, बाझेलच्या मिशनशाळेत तयार झालेला, कॉकेशसमध्ये इराणी-तुर्की मुलखाच्या सीमेवर वर्षं काढून हिंदुस्थानात आलेला. त्याचं ‘मीझान-उल-हक’ हे पुस्तक फारसीत आणि मग उर्दूत निघालं होतं, आणि उत्तरेतल्या मुस्लिम विद्वानांना ते चांगलंच झोंबलं होतं. सोबतीला तरुण पाद्री टॉमस व्हाल्पी फ्रेंच, जो पुढे लाहोरचा पहिला बिशप झाला. समोर कैरान्याचे मौलाना रहमतुल्ला, आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर वझीर खान. वझीर खान सरकारी नोकरीतले, इंग्रजी वैद्यक शिकलेले. माझ्या मते त्या दोन दिवसांचे खरे सूत्रधार तेच होते, कारण इंग्रजी पुस्तकं वाचत होते ते.

विषय पाच ठरले होते. आधीचा ग्रंथ नंतरच्या ग्रंथाने रद्द होतो का, बायबलात फेरफार झाला आहे का, त्रैक्य, महंमद पैगंबरांचं पैगंबरपण आणि कुराण. पाचापैकी दोनच विषय झाले आणि गाडी दुसऱ्यावरच अडकली. फांडरच्या पुस्तकाचा सगळा डोलारा एका खांबावर उभा होता. कुराण स्वतःच तौरात (मोशेचा ग्रंथ) आणि इंजील (येशूचा ग्रंथ) यांचा आदराने उल्लेख करतं, तेव्हा मुसलमानांनी ते ग्रंथ मानलेच पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद. त्यावर जुनं उत्तर तयार होतं: ग्रंथ आले होते खरे, पण लोकांनी त्यांत फेरफार केला. यालाच ‘तहरीफ’ म्हणतात. फांडर विचारी, कोणी केला, कधी केला, पुरावा काय? इतकी वर्षं या प्रश्नाला नीटसं उत्तर मिळालं नव्हतं.

या वेळी पुरावा टेबलावर आला, आणि तो ख्रिस्ती छापखान्यांतून आलेला होता. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एकच आहेत असं सांगणारी एक ओळ होती. त्रैक्याला इतका उघड आधार बायबलात दुसरीकडे नाही. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती ओळ सापडत नाही. इरॅस्मस या पंडिताने १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत ती घेतली नव्हती, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातली. युरोपातल्या पंडितांना हे सगळं ठाऊक होतं. फांडरलाही होतं. तो प्रामाणिक माणूस, त्याने कबूल केलं. अशा सात-आठ जागा असतील, असंही म्हणाला. मात्र त्यामुळे मूळ शिकवणुकीला कुठेही बाध येत नाही, हेही त्याने ठासून सांगितलं.

शास्त्र म्हणून त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजचे बहुतेक अभ्यासक, श्रद्धाळू असोत वा नसोत, हेच म्हणतील की नव्या करारातले बहुसंख्य पाठभेद किरकोळ आहेत. पण सभा त्याला चूक-बरोबर विचारत नव्हती. सभेला फेरफार झाला की नाही एवढंच हवं होतं, आणि ‘झाला’ हे उत्तर साक्षात पाद्रीसाहेबाच्या तोंडून आलं होतं. रहमतुल्लांनी मग सोडलं नाही. ज्या दस्तऐवजात फेरफार झाल्याचं तुम्हीच मान्य करता तो आमच्यापुढे पुरावा म्हणून आणू नका, असं त्यांचं म्हणणं. वाद तिथेच संपला. पुढे दोन्ही बाजूंनी आपापली हकिकत छापली, आणि दोन्ही हकिकतींत आपलीच बाजू वरचढ ठरली. त्याचं नवल नाही.

रहमतुल्ला आणि वझीर खान यांच्या हातात ही सामग्री आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. ऑक्सफर्डच्या जॉन मिलने तीस वर्षं खपून १७०७ मध्ये ग्रीक नवा करार छापला आणि हस्तलिखितांतले सुमारे ३०,००० पाठभेद खाली नोंदवले. मिल धर्मगुरू होता. आपण देवाच्या शब्दाची सेवा करतो आहोत, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पुस्तक निघाल्यावर दोनेक आठवड्यांत तो वारला, म्हणून पुढचं त्याला पाहावं लागलं नाही. १७१३ मध्ये अँथनी कॉलिन्स या नास्तिकतेकडे झुकलेल्या लेखकाने तोच आकडा उचलून विचारलं, मग नेमका कोणता पाठ देवाचा? रिचर्ड बेंटली या पंडिताने त्याला उत्तर दिलं की हस्तलिखितं जितकी जास्त तितके भेद जास्त सापडणार, आणि मूळ पाठ शोधायला तेच तर साधन आहे. उत्तर अगदी खरं आहे. पण चारचौघांत आकडाच लक्षात राहतो. टॉमस हॉर्नसारख्या इंग्रज पाद्र्याने बायबलाच्या अभ्यासकांसाठी जाडजूड प्रस्तावनाग्रंथ लिहिला, त्यात सगळ्या अडचणी प्रामाणिकपणे मांडून त्यांची उत्तरं दिली. रहमतुल्लांनी पुढे त्या अडचणी उचलल्या, उत्तरं बाजूला ठेवली.

बायबलाच्या दोषांची यादी मुळात बायबलावर श्रद्धा असणाऱ्यांनीच केली. या सगळ्या मागोव्यात मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फांडर हरला असेल तर तो आपल्याच धर्मबांधवांच्या प्रामाणिकपणामुळे हरला, आणि त्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. रहमतुल्लांनी हीच कसोटी स्वतःच्या ग्रंथाला लावण्याची वेळ आग्र्यात आलीच नाही. उरलेले तीन विषय झाले असते तर कदाचित आली असती.

नकाराची पुस्तकं हिंदुस्थानात पोचायला तशी आधीपासूनच सुरुवात झाली होती. मिशनरी अलेक्झांडर डफच्या चरित्रात एक गंमत आहे. कलकत्त्यात अमेरिकेहून टॉमस पेनच्या ‘एज ऑफ रीझन’च्या हजारभर प्रती आल्या. रुपयाला मिळणारं पुस्तक मागणी वाढताच पाच रुपयांवर गेलं, आणि घेणारे होते हिंदू कॉलेजातले विद्यार्थी. त्याच्याही आधी राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशाचं संकलन काढताना चमत्कार गाळले, तेव्हा श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनशी त्यांची वर्षानुवर्षं लेखी झुंज झाली. त्या काळात राममोहनांबरोबर नव्या कराराच्या बंगाली भाषांतराला बसलेला विल्यम अॅडम हा मिशनरी १८२१ मध्ये स्वतःच त्रैक्य सोडून युनिटेरियन झाला. ज्याला पटवायला गेला, त्याचंच याला पटलं.

मुंबईत वादाचं वळण वेगळं होतं. जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये आला आणि दोन वर्षांत त्याने ब्राह्मणांशी जाहीर वाद सुरू केले. १८३१ च्या वादानंतर मोरभट दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सनने पुढच्या वर्षी उत्तराचं पुस्तक काढलं, आणि त्याच्या सुरुवातीला दांडेकरांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर छापलं. प्रतिपक्षाला आधी पूर्ण बोलू देण्याची ही रीत आजच्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चा पाहताना फार आठवते. दांडेकर तिथे थांबले नाहीत. अहमदनगरहून अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झालं, तर १८४४ मध्ये त्यांनी ‘उपदेशचंद्रिका’ मासिक काढलं.

इकडच्या शास्त्र्यांना हस्तलिखितांच्या पाठभेदांत रस नव्हता. वंशावळ जुळते की नाही, हा प्रश्न पुराणं वाचून मोठं झालेल्या माणसाला फारसा टोचत नाही. कल्पभेद म्हणून तो मोकळा होतो. त्यांना टोचलं ते वेगळंच. मर्यादित आयुष्यातल्या पापाला अमर्याद नरक, यात न्याय कुठला? एका जोडप्याच्या चुकीचं ओझं साऱ्या मनुष्यजातीवर का? कृष्णाची लीला तुम्हाला खटकते, मग जुन्या करारातल्या कत्तली का खटकत नाहीत? हे प्रश्न जास्त खोल जातात असं माझं मत आहे. अहज्याचं वय दुरुस्त करता येतं, आणि कित्येक आधुनिक भाषांतरांनी ‘२ इतिहास’मध्येही २२ छापून ते दुरुस्त केलंही आहे. न्यायाच्या प्रश्नाला अशी दुरुस्ती नाही.

या वादांचा कळस १८५७ मध्ये झाला. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे कुलाब्याकडच्या शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले, कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करून आलेले. १५ जानेवारीपासून दर गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांची आणि मिशनऱ्यांची जुंपायची. कुणीही उठून विचारावं, ज्याने त्याने उत्तर द्यावं. २८ मेची सभा शेवटची ठरली. तोवर मेरठ आणि दिल्ली पेटली होती, आणि मुंबईत धर्मावरून गर्दी जमणं कुणाला परवडणारं नव्हतं.

विष्णुबुवांपुढे उभा असायचा जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन, मिशनचा पगार नाकारून मुंबईच्या बाजारवस्तीत गरिबीत राहणारा. या सभांची इंग्रजी हकिकत त्यानेच छापली. त्याची पूर्वकथा विलक्षण आहे. तरुणपणी इतिहासकार गिबन वाचून त्याची श्रद्धा उडाली आणि सुमारे अकरा वर्षं तो पक्का नास्तिक होता. १८४४ मध्ये त्याची वाग्दत्त वधू वारली, जाताना त्याला बायबल वाचायला सांगून गेली. तरी तो वळला नव्हता. मग ग्रंथालयातून मागितलेल्या पुस्तकाऐवजी चुकून पेलीचं ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांवरचं पुस्तक हाती आलं, ते त्याने वाचलं आणि मन पालटलं. चौपाटीवरचे आक्षेप ऐकताना बोवेनला त्यांतले कितीतरी आपलेच जुने वाटले असतील. विष्णुबुवांना मात्र संशयवादी म्हणता येणार नाही. वेदाच्या प्रामाण्यावर त्यांचा तितकाच अढळ विश्वास होता, आणि १८५९ च्या ‘वेदोक्तधर्मप्रकाशा’त त्यांनी तो मांडला.

आग्र्याच्या वादाला मात्र लांबचं शेपूट फुटलं. १८५७ नंतर रहमतुल्ला मक्केला गेले. १८६४ मध्ये उस्मानी सुलतानाच्या इच्छेवरून त्यांनी अरबीत ‘इझहार-उल-हक’ लिहिलं, आणि विसंगतींची ती यादी आता विस्ताराने ग्रंथबद्ध झाली. योगायोग असा की त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचा इंग्रज बिशप कोलेन्सो यानेही मोशेच्या पुस्तकांतली गणितं तपासून १८६२ पासून खंड काढायला सुरुवात केली होती. सहा लाख लढवय्ये आणि त्यांची कुटुंबं वाळवंटात राहिली कशी, जेवली काय, असली हिशेबी चौकशी. त्याला हे सुचलं ते भाषांतरात मदत करणाऱ्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाबद्दल सरळ विचारल्यामुळे: हे खरंच घडलं का? बिशपवर पाखंडाचा खटला चालला. आणि त्याच नाताळात, पाऊण शतकानंतर, सुरतेकडून आलेला अहमद दीदात नावाचा दुकानातला पोऱ्या मिशनच्या विद्यार्थ्यांच्या टोमण्यांनी हैराण असताना त्याच्या हाती ‘इझहार-उल-हक’ पडलं. १९८६ मध्ये अमेरिकेत लुइझियानात जिमी स्वॅगार्ट या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकासमोर दीदात उभे राहिले, तेव्हा विषय होता बायबल देवाचा शब्द आहे का. चित्रफिती जगभर गेल्या. वादाची पातळी मात्र आग्र्याहून बरीच खाली आली होती. टाळ्या मोजायला लागल्यावर तसंच होतं.

याहून मोलाचा वाद मला वाटतो तो एका माणसाच्या मनात चाललेला. नीळकंठ गोरे, कोकणस्थ, काशीत वाढलेले. १८४४ च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ संस्कृतात लिहिला आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते नेहेम्या गोरे झाले, पण शंकांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळवण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा होता. आणि रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्याबरोबर वाद सुरू केला तो थेट आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी. त्रैक्य आणि अथनेशियसचा मतांगीकार बायबलात दाखवा, नाहीतर मी मानायला बांधलेली नाही, असा त्यांचा पवित्रा. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या हाती मान द्यायची त्यांची तयारी नव्हती. सिस्टर जेराल्डिनना हा अहंकार वाटला. पत्रं छापलेली आहेत, वाचणाऱ्याने ठरवावं.

महात्मा फुल्यांनी तर वादाचं मूळच काढून टाकलं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला, पेन वाचलेला हा माणूस. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा आणि कुणी कुणाचा हेवा करू नये, असं आहे. एकच ग्रंथ संपूर्ण खरा असलाच पाहिजे, ही अट त्यांनी कुणालाच घातली नाही.

रमाबाई मात्र ग्रंथापाशीच राहिल्या. केडगावला निराधार बायकांच्या मुक्तिसदनाचा पसारा सांभाळत, म्हातारपणी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत सगळं बायबल त्यांनी स्वतः भाषांतरित केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मतांगीकार दाखवा म्हणणारी बाई मूळ पाठापर्यंत जाऊन थडकली, हे तिच्या स्वभावाला धरूनच झालं.