पाइप वर नेला, तर पाण्याची धार किती लांब पडेल?

पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी हे कमी पावसाचं गाव. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने इथे नालाबांध, समतल चर, पाझर तलाव झाले आणि विहिरींना पाणी आलं. अशा विहिरीवरच्या आडव्या पाइपमधून पडणारी धार म्हणजे गणितातला अन्वस्त वक्र, अर्थात पॅराबोला.

समजा, धारेचं समीकरण आहे य = १ − क्ष². क्ष म्हणजे पाइपच्या तोंडापासूनचं आडवं अंतर, य म्हणजे जमिनीपासूनची उंची, दोन्ही मीटरमध्ये. क्ष ० असताना उंची १. क्ष १ झाला की उंची ०, म्हणजे धार जमिनीला टेकली.

आता पाण्याचा वेग तोच ठेवून पाइप ३ मीटर वर न्या. समीकरण होतं य = ४ − क्ष². आलेखावरचा प्रत्येक बिंदू बरोबर ३ ने वर सरकतो: (०, १) चा (०, ४), (१, ०) चा (१, ३). वक्राचा आकार मात्र जराही बदलत नाही.

गफलत इथेच होते. उंची चौपट झाली, म्हणून धार ४ मीटरवर पडेल असं वाटतं. प्रत्यक्षात ४ − क्ष² = ०, म्हणून क्ष = २. धार पडते २ मीटरवरच. त्यामुळे हौद ४ मीटरवर बांधला, तर तो कोरडाच राहील!