शेवटच्या वर्षी शाखा बदलावी का?

परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षांचे रुग्ण वाढतात. सोबत बहुधा आई असते. तक्रारी ठरलेल्या. छातीत जळजळ, डोकेदुखी, धडधड, तळहातांना घाम, भूक नाही, झोप नाही. तपासले तर रक्तदाब ठीक, कार्डिओग्राम ठीक, पोट मऊ. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले की मूळ गोष्ट निघते, "डॉक्टर, मला हा कोर्सच नको आहे. पण आता शेवटचंच वर्ष राहिलंय."

कुणाला इंजिनिअरिंग सोडून वकिली करायची असते, कुणाला फार्मसी सोडून बी.ए. व्हायचे असते. पहिल्या वर्षी हा विचार आला असता तर बदल सोपा होता. शेवटच्या वर्षी मात्र दोन्ही बाजूंनी ओढ लागते. पुढे जाववत नाही आणि मागेही फिरता येत नाही. अशा ओढाताणीत काही महिने गेले की शरीर तक्रार करू लागते. म्हणून हा विषय या सदरात घेत आहे.

शरीरावर काय होते?

मनावर सतत ताण असला की शरीरात ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. संकटातून पळण्यासाठी ती उपयोगी, पण महिनोन् महिने वाढलेली राहिली तर झोप बिघडते, पचन बिघडते, पाठ केलेले आठवत नाही. मग अभ्यास होत नाही, विषय राहतात आणि "हे माझं क्षेत्रच नाही" ही भावना आणखी पक्की होते. त्यात जागरणासाठी चहा-कॉफीचा मारा असतो. सायंकाळी सहाला घेतलेल्या कडक चहातील कॅफीनपैकी जवळपास निम्मे रात्री अकरालाही शरीरात असते. मग झोप यावी कशी?

आधी आजार आहे का ते पाहा

असा रुग्ण आला की मी शाखेबद्दल लगेच मत देत नाही. प्रथम विचारतो की फक्त अभ्यासच नकोसा झाला आहे की सगळेच? मित्र, क्रिकेट, सिनेमा, आवडीचे जेवण यांतही गोडी उरली नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, वजन घटले असेल, आपण कुचकामी आहोत असे वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्या चष्म्यातून कोणतीही शाखा काळीच दिसते, नवीन घेतलेलीही. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांतही थकवा आणि निरुत्साह येतो. म्हणून हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचे चार विषय राहिले होते. कॉलेज सोडायचे त्याने ठरवलेच होते. दोन महिन्यांत त्याचे सहा किलो वजन उतरले होते. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि एवढेच सांगितले, "निर्णय तुझाच. फक्त दोन महिने तो घेऊ नकोस." नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, हे त्याला व वडिलांना समजावले. दोन महिन्यांनी तो म्हणाला, "डॉक्टर, इंजिनिअरिंग अजूनही आवडत नाही. पण पेपर देता येतील असं वाटतंय." एक सत्र जास्त लागले, पण पदवी हाती आली. मग त्याने पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या वकिलीला प्रवेश घेतला. आवडीच्या वाटेलाच तो गेला, पण पदवी घेऊन.

शेवटचे वर्ष खरोखर शेवटचे आहे का?

सगळ्यांना हेच औषध लागू पडत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षातली एक मुलगी पित्ताच्या त्रासासाठी आली होती. सुटीत तिची प्रकृती उत्तम असे. झोप, भूक, हसणे-बोलणे सगळे ठीक. कॉलेज उघडले की दुखणे सुरू. तिचे पहिल्या वर्षापासूनचे मिळून अकरा विषय राहिले होते. कागदावर हिशेब मांडल्यावर कळले की "एकच वर्ष" म्हणजे प्रत्यक्षात कमीत कमी अडीच-तीन वर्षे. जमाखर्चाची आवड तिला शाळेपासून होती आणि ती सांगताना तिचा आवाज बदलत असे. घरच्यांनी दोन महिने वादविवाद करून अखेर होकार दिला. ती बी.कॉम. झाली. पित्ताची गोळी तिने पुन्हा मागितली नाही.

दोघांच्या बाबतीत फरक कशाचा होता? मुलाची नावड आजारपणात वाढली होती आणि पदवी जवळ होती. मुलीची नावड चांगल्या दिवसांतही तशीच होती, पदवी लांब होती आणि जायचे कुठे ते तिला ठाऊक होते. नुसते "इथून सुटायचंय" एवढेच उत्तर असेल तर थांबावे. "तिकडे जायचंय" असे उत्तर असेल आणि ते सहा महिने टिकले असेल तर त्याचा गांभीर्याने विचार करावा.

हिशेब कसा मांडावा?

एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे पदवी पूर्ण करायला लागणारे महिने, राहिलेले विषय, फी. दुसरीकडे नव्या अभ्यासक्रमाची वर्षे, फी, प्रवेशाच्या अटी. गेलेली तीन वर्षे आणि भरलेली फी यांपैकी कोणत्याही रकान्यात लिहू नका. तो खर्च झालेला आहे, राहिलात तरी आणि गेलात तरी. वडिलांना हे पटणे जड जाते, पण शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही. पेरणी वाया गेली तर दुबार पेरणीचा विचार तो पुढचा पाऊस बघून करतो.

पहिल्या रकान्यात आणखी एक गोष्ट लिहा. पदवीने कोणती दारे उघडतात? लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा व नागरी सेवा परीक्षा, तीन वर्षांची वकिली, एम.बी.ए., ग्रंथालयशास्त्र यांना बहुधा कोणत्याही शाखेची पदवी चालते. गुणांच्या अटी मात्र तपासून घ्याव्यात. एक-दोन सत्रांत पदवी मिळणार असेल तर ती घेऊन दिशा बदलणे अनेकदा स्वस्त पडते.

मधल्या वाटाही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी दिली. एक कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने, असेही चालते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकण्याची सोय देत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मध्येच बाहेर पडल्यास एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका अशी तरतूद आहे. मात्र ती सर्व अभ्यासक्रमांना आणि सर्व ठिकाणी सारखी लागू नाही. मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. कॉलेजच्या कार्यालयातून लेखी माहिती घ्या. शैक्षणिक कर्ज असेल तर नाव काढण्याआधी बँकेत जाऊन हप्ते केव्हा सुरू होतील ते विचारा.

निर्णयाचे पथ्य

निकालाच्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या रात्री, भांडण झाल्यावर आणि रात्री दहानंतर या विषयावर निर्णय घेऊ नये. तीन आठवडे ठरावीक वेळी झोपावे व उठावे, दुपारनंतर चहा-कॉफी बंद करावी, रोज अर्धा तास भरभर चालावे. वहीत रोज एक ओळ लिहावी की आज राहावेसे वाटले की जावेसे. तीन आठवड्यांनी वही उघडून पाहावी. नव्या शाखेत असलेल्या दोघा-तिघांना भेटून त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावे. दुरून दिसणारे सगळेच डोंगर साजरे असतात.

आईवडिलांसाठी

मुलगा किंवा मुलगी हा विषय काढते तेव्हा बहुतेक वेळा ती अनेक रात्री जागलेली असते. "इतके पैसे घातले", "लोक काय म्हणतील", "शेजारच्याचा बघ पुण्यात नोकरीला लागला" ही तीन वाक्ये पहिल्या दिवशी तरी बोलू नका. पूर्ण ऐकून घ्या. खर्चाची अडचण खरी असेल तर आकडे समोर ठेवून सांगा. मुले आकडे समजून घेतात, टोमणे घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र हलक्यावारी नेऊ नका. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, एकाएकी गप्प होणे ही लक्षणे दिसली तर स्पष्ट विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते.

पदवीला एक-दोन वर्षे उशीर झालेले कितीतरी जण माझ्या ओळखीत सुखाने संसार करीत आहेत. तेव्हा या आठवड्यात दोन कामे करा. कॉलेजातून राहिलेल्या विषयांची यादी आणा आणि झोप-भूक बिघडली असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवा. शाखेचे त्यानंतर पाहू.