कुंडी, दूध आणि वजनकाटा

पुण्याच्या पेठांत पत्ता विचारला की उत्तरात हटकून एखादी तालीम येते. खालकर तालीम, निंबाळकर तालीम, साखळीपीर तालीम. त्या खुणेवर गेलेल्या माणसाला चौक सापडतो, नाहीतर गणपतीचं मंडळ. आखाडा बहुधा सापडत नाही. मानाचा तिसरा गणपतीसुद्धा गुरुजी तालमीचाच. भिकू शिंदे आणि उस्ताद नालबन यांनी १८८७ साली तो बसवला, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधी. जोर-बैठका काढणाऱ्या पोरांनीच पुढे पेठेचं सार्वजनिक जीवन उभं केलं, त्याची ही शिल्लक.

पण सगळ्याच तालमी पत्त्यापुरत्या उरलेल्या नाहीत. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, शिवरामदादा तालीम या पुण्यात पैलवान घडवणाऱ्या जागा. तालमीच्या ठेंगण्या दारातून वाकून आत शिरलं की आधी वास येतो. तांबडी माती, त्यात जिरवलेलं तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि वर घामाची पुटं. एका बाजूला मारुती, मधे हौदा. अंधार असतानाच मेहनत सुरू होते. आधी फावड्यानं हौदा खणून माती भुसभुशीत करायची, मग सपाट्या, बैठका, दोरावर चढणं आणि शेवटी जोड धरून लढती. वस्ताद कडेला बसलेले असतात आणि ओरडतात कमी, बघतात जास्त.

या साऱ्या यंत्राचं इंजिन मात्र हौद्यात नसून कोपऱ्यातल्या दगडी कुंडीत असतं.

रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलायचे. खसखस, बडीशेप, मिरे, वेलची, मगजबी त्यात टाकायची आणि कडुलिंबाच्या लाकडाच्या दांड्यानं ते घोटत बसायचं. दांडा पोराच्या छातीपर्यंत येतो. तो दोन्ही हातांनी गरगर फिरवायचा म्हणजे मनगट, खांदा आणि पाठ यांची आणखी एक मेहनतच. बदामाला तेल सुटलं की पाणी किंवा दूध घालून फडक्यातून गाळायचं. हीच थंडाई. घोटायचं काम धाकट्या पोरांकडे आणि पहिला पेला थोरल्या पैलवानाला, हा शिरस्ता कुठं लिहून ठेवावा लागत नाही.

थंडाईच्या जोडीला दूध, तूप, अंडी, मटण, पायाचं सूप, फळं. ह्या सगळ्याला मिळून एकच शब्द, खुराक. तो घरच्या जेवणातून निघत नाही. गावाकडून तुपाचा डबा येतो, बापानं विकलेल्या उसाचे पैसे येतात, कधी गावची पंचमंडळी वर्गणी काढतात. जत्रेत रेवड्यांवर लढणारं पोर नारळावर आणि मग रोख इनामावर लढायला लागतं, तसा त्याचा खुराक वाढत जातो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला. तिथल्या गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात देण्याची रीत आहे. पुण्याच्या पेठांतले गोठे मात्र शहरानं गिळले, आणि आता तालमीतलं दूधही पिशवीतून येतं. चवीतला फरक पैलवान पहिल्या घोटात सांगतो.

आहारशास्त्राच्या फूटपट्टीनं हा खुराक मोजला तर वस्तादांचं गणित अडाणीपणाचं ठरत नाही. जोरकस व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ८० किलोच्या पैलवानाला म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या वर. दोन लिटर म्हशीच्या दुधात साधारण ७५ ग्रॅम येतात, १०० ग्रॅम बदामांत २० ग्रॅम. उरलेली प्रथिनं भाकरी, डाळ आणि अंड्यांतून सहज निघतात. उष्मांक पाहिले तर दूध आणि बदाम मिळूनच अडीच हजारांच्या पुढे जातात, तूप वेगळंच. अंग भरण्यासाठी हे चोख आहे.

अडचण इथंच आली. अंग भरणं हे मातीतल्या कुस्तीचं उत्तर होतं. तिथं घड्याळ नसे. चीतपट होईपर्यंत लढायचं, भुसभुशीत मातीत पाय रुतत असताना रेटायचं, तर वजन आणि दम दोन्ही हवेत. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत सहा मिनिटांत संपते, आणि तिच्या दाराशी वजनकाटा असतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो गटात. पाटोद्याचा राहुल आवारे गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली तयार झाला, पुढे काका पवारांकडे शिकला आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला, तेही ५७ किलोतच. ते पदक त्यानं दिवंगत बिराजदारांना अर्पण केलं. दोन लिटर दूध आणि वाटीभर तूप रिचवून कोणी ५७ किलोवर राहत नाही.

म्हणून आता तालमीत ‘वजन तोडणं’ हा शब्द खुराकाइतकाच कानी पडतो. स्पर्धेआधी मीठ-पाणी आवळायचं, जाड कपडे चढवून पळायचं, घाम काढायचा. २०१८ पासून ऑलिंपिक कुस्तीत दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे एकदा काटा चुकवून मग भरपेट खाण्याची जुनी युक्ती चालत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमनं बाद झाली. त्याच स्पर्धेत ५७ किलोच्या अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले. पॅरिसनंतर तराजूची धास्ती कुठल्याही वस्तादाला समजावून सांगावी लागत नाही.

तरी महाराष्ट्रात जुना खुराक मोडीत निघालेला नाही, आणि त्याला कारण आहे महाराष्ट्र केसरी. मामासाहेब मोहोळांनी उभ्या केलेल्या कुस्तीगीर परिषदेची ही स्पर्धा १९६१ मध्ये दिनकर दह्यारींपासून सुरू झाली. चांदीची गदा मिळते ती ८६ ते १२५ किलोच्या गटात, माती विभागाचा विजेता गादीच्या विजेत्याशी लढतो तेव्हा. त्या गदेचं स्वप्न पाहणाऱ्याला अंग भरावंच लागतं. २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम फेरीत भिडले, तेव्हा दोघंही काका पवारांच्या कात्रजच्या संकुलातले होते. जिंकल्यावर सदगीरनं शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतलं.

त्यामुळे आजच्या संकुलांत स्वयंपाक एका मापाचा राहिलेला नाही. केसरी गटाच्या पैलवानाचं ताट भरत जातं. त्याच्या शेजारचा हलक्या गटातला पोरगा अंड्याचा पिवळा बलक बाजूला काढतो, पोळीला तूप लावू देत नाही. प्रोटीन पावडरचे डबे कुंडीशेजारी येऊन बसलेत. जाणते प्रशिक्षक त्यांच्याकडे संशयानं पाहतात, कारण डब्यातल्या भेसळीनं उत्तेजक चाचणीत कोणी अडकला तर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. कुंडीत काय पडलं हे निदान घोटणाऱ्यानं पाहिलेलं असतं.

मेहनत संपली की माती झाडत सगळे एका रांगेत बसतात. थंडाईचं पातेलं फिरतं. हलक्या गटातला पोरगा आधी उठून काट्यावर उभा राहतो, आकडा बघतो आणि परत येऊन पेला अर्धाच पुढे करतो. उरलेला अर्धा शेजारच्याच्या पेल्यात जातो.