पॅन तुमचा, उलाढाल दुसऱ्याची

विशेष प्रतिनिधी, मुंबई

रोजंदारीवर दिवसाला सुमारे तीनशे रुपये मिळविणाऱ्या ठाणे जिल्ह्यातील एका मजुराच्या हाती जानेवारी २०२० मध्ये प्राप्तिकर विभागाची नोटीस पडली. भरावयाची रक्कम होती एक कोटी पाच लाख रुपये. २०१६ मधील नोटाबंदीच्या काळात त्याच्या नावावरील एका बँक खात्यात सुमारे ५८ लाख रुपयांचा भरणा झाल्याची नोंद विभागाकडे होती. मजुराने बँकेत जाऊन चौकशी केली तेव्हा खाते त्याच्याच पॅनवर उघडलेले आढळले. अर्जावरील छायाचित्र आणि स्वाक्षरी मात्र आपली नाही, असे त्याचे म्हणणे होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील मथुरा येथे एका सायकलरिक्षा चालकावर अशीच वेळ आली. त्याला तीन कोटी रुपयांहून अधिक रकमेची नोटीस मिळाली. त्याच्या नावावर कोणी तरी जीएसटी क्रमांक घेऊन २०१८-१९ या एका वर्षात ४३ कोटींवर उलाढाल दाखविली होती. पॅनसाठी त्याने एका सेवा केंद्रात अर्ज केला होता आणि कार्डाऐवजी त्याला रंगीत झेरॉक्स देण्यात आली होती. मूळ कार्ड कोठे गेले, याचा उलगडा नोटिशीनंतर झाला.

अशा बातम्या वाचून क्षणभर हसू येते आणि आपण पान उलटतो. तथापि या दोन्ही प्रकरणांत घडलेली गोष्ट पॅन असलेल्या कोणाच्याही बाबतीत घडू शकते. पानिपतानंतर पुढे आलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला निदान चेहऱ्याचे साम्य तरी दाखवावे लागले होते. करव्यवहारातील आजच्या तोतयाचे काम एका क्रमांकावर आणि कागदाच्या एका प्रतीवर भागते.

गुपित नसलेला क्रमांक

पॅन म्हणजे स्थायी खाते क्रमांक. त्यात दहा चिन्हे असतात. आधी पाच अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर अशी त्याची रचना आहे. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', अविभक्त हिंदू कुटुंबासाठी 'एच' अशी ती खूण असते. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. एकदा मिळालेला पॅन आयुष्यभर तोच राहतो. पत्ता बदलला, नोकरी बदलली, तरी तो बदलत नाही.

हा क्रमांक गुप्त ठेवण्यासाठी निर्माण झालेलाच नाही. बँक, विमा कंपनी, म्युच्युअल फंड, नोकरीचे ठिकाण, घर खरेदीचा दस्त, सराफाचे दुकान अशा अनेक ठिकाणी तो द्यावाच लागतो. व्यापाऱ्यांच्या बाबतीत तर तो उघडाच असतो. जीएसटी क्रमांकात १५ चिन्हे असतात. पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०) आणि पुढची दहा चिन्हे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. दुकानाच्या प्रत्येक बिलावर तो छापलेला असतो.

याचाच लाभ एका टोळीने घेतला. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पाच जणांना अटक केली. महेंद्रसिंग धोनी, माधुरी दीक्षित, अभिषेक बच्चन अशा नामवंतांचे जीएसटी क्रमांक या टोळीने इंटरनेटवरून मिळविले, त्यांतून पॅन काढले आणि जन्मतारखाही इंटरनेटवरच शोधल्या. मग स्वतःचे छायाचित्र लावून बनावट कार्डे तयार केली आणि पुण्यातील एका कंपनीकडून क्रेडिट कार्डे मिळविली. एवढ्या प्रसिद्ध व्यक्तींच्या नावावर हे घडू शकते, तर सामान्य माणसाची कथा निराळी सांगायला नको.

परताव्यापेक्षा आडोसा

अमेरिकेत करविषयक ओळखचोरीचा रूढ अर्थ वेगळा आहे. तेथे चोर दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर खोटे विवरणपत्र आधीच भरतो, परतावा आपल्या खात्यात वळवितो आणि खरा करदाता विवरणपत्र भरायला गेला की ते स्वीकारलेच जात नाही.

भारतात हा मार्ग तुलनेने अवघड आहे. विवरणपत्र भरल्यावर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपी किंवा तत्सम साधनाने त्याची पडताळणी करावी लागते. परतावाही पॅनशी जोडलेल्या आणि आधीच पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. त्यामुळे येथील तोतयाला परताव्यापेक्षा आडोसा अधिक उपयोगी पडतो. आपली उलाढाल, आपला काळा पैसा किंवा आपले कर्ज दुसऱ्याच्या नावामागे लपविणे हा त्याचा हेतू असतो.

सर्वांत मोठा आडोसा बनावट जीएसटी नोंदणीचा आहे. एखाद्या गरिबाचा पॅन आणि आधार, जोडीला खोटा भाडेकरार किंवा वीजबिल, एवढ्यावर एक कागदी पेढी उभी राहते. ती प्रत्यक्ष माल न पुरविता केवळ बिले देते. बिले घेणारा त्यांच्या आधारे आपण कर भरल्याचे दाखवून तेवढी सवलत, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, पदरात पाडून घेतो. काही महिन्यांनी पेढी गायब होते. मागे उरतो तो पॅन आणि त्याचा अजाण धारक. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने राज्यांच्या सहकार्याने १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात राबविलेल्या मोहिमेत अशा २१,७९१ नोंदण्या अस्तित्वात नसलेल्या पेढ्यांच्या निघाल्या. त्यांतील संशयित करचुकवेगिरी २४,०१० कोटी रुपयांची होती.

दुसरा प्रकार घरभाड्याचा. पगारदारांना घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळते आणि भाडे वर्षाला एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅन द्यावा लागत असे. २०२४ च्या सुरुवातीस काही कर्मचाऱ्यांनी भाडेकराराशी संबंध नसलेल्या व्यक्तींचे पॅन दिल्याचे प्राप्तिकर विभागाच्या पडताळणीत आढळले. ज्याचा पॅन वापरला गेला त्याच्या नावावर कधीही न मिळालेले भाडे उत्पन्न म्हणून दिसू शकते.

तिसरा प्रकार कर्जाचा. मोबाइलवरून झटपट मिळणारी छोटी कर्जे दुसऱ्याच्या पॅनवर उचलली जातात. रक्कम लहान असते, पण थकबाकी पॅनधारकाच्या नावावर नोंदली जाते. त्याला गृहकर्ज नाकारले जाईपर्यंत याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या नावावर काय आहे ते पाहा

पॅन लपवून ठेवता येत नाही, हे एकदा मान्य केले की संरक्षणाचा मार्ग स्पष्ट होतो. आपल्या क्रमांकावर काय काय नोंदले गेले आहे, हे ठरावीक काळाने पाहणे हाच खरा उपाय आहे. त्यासाठी तीन ठिकाणे पाहावीत. तिन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत.

पहिले ठिकाण प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस. नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झालेल्या या विवरणात बँकेचे व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार, मालमत्तेची खरेदी-विक्री, मोठे रोख भरणे अशा नोंदी एकत्र दिसतात. एखादी नोंद आपली नसेल तर तेथेच तसा अभिप्राय देता येतो. 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' किंवा 'ही माहिती नाकारत आहे' असे पर्याय त्यात आहेत. विवरणपत्र न भरणाऱ्या व्यक्तीलाही नोंदणी करून हे विवरण पाहता येते.

दुसरे ठिकाण जीएसटीचे संकेतस्थळ. तेथे करदाता शोधण्याच्या विभागात पॅनवरून शोध घेण्याची सोय असून त्यासाठी लॉगिनची आवश्यकता नाही. आपला पॅन टाकल्यावर देशभरात त्यावर किती जीएसटी नोंदण्या आहेत, ते दिसते. आपण व्यापारी नसताना एखाद्या परक्या राज्यातील पेढी तेथे झळकली तर ती धोक्याची सूचना समजावी.

तिसरे ठिकाण पतअहवालाचे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. दर तीन महिन्यांनी एका कंपनीकडून अहवाल मागविला तर वर्षभर नजर राहते.

याखेरीज काही सवयी लावून घ्याव्यात. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी सही करून कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली, ते लिहावे. चालत असेल तेथे आधारची केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी प्रत द्यावी. ई-फायलिंग खात्यावर मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच नोंदवावा. अनेकांच्या खात्यावर हे दोन्ही तपशील करसल्लागाराचे असतात, आणि मग विभागाची सूचना सल्लागाराच्या ई-मेलमध्येच पडून राहते. पासवर्ड बरोबर असला तरी आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगशिवाय खाते उघडू नये, अशी जादा कडीही या खात्याला घालता येते.

नोटीस आली तर

प्रथम ती खरी आहे का, हे तपासावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर विभागाच्या पत्रव्यवहारावर संगणकीय दस्त ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असतो. संकेतस्थळावर लॉगिन न करताही त्याची सत्यता पडताळता येते. परतावा मंजूर झाल्याचे सांगून बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणारा संदेश बनावट समजावा. विभाग ई-मेलवर पासवर्ड किंवा पिन मागत नाही.

नोटीस खरी असेल तर ती बाजूला ठेवण्याची चूक करू नये. 'माझा याच्याशी संबंध नाही, मग उत्तर कशाला' हा विचार सर्वांत महाग पडतो. मुदतीत उत्तर न दिल्यास एकतर्फी आदेश होतो आणि नंतर अपिलाची पायरी चढावी लागते. संकेतस्थळावर व्यवहार नाकारणारे उत्तर मुदतीत द्यावे. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जोडावी. संबंधित बँकेकडे खाते उघडण्याचा अर्ज, छायाचित्र आणि ओळखपत्रांच्या प्रती लेखी मागाव्यात. बनावट जीएसटी नोंदणी असल्यास ती ज्या कार्यालयाच्या कक्षेत आहे तेथे लेखी तक्रार करावी. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ज्यांची मुले किंवा नातलग अमेरिकेत आहेत, त्यांनी त्यांना एक गोष्ट अवश्य कळवावी. अमेरिकेचा महसूल विभाग सहा अंकी ओळख संरक्षण पिन देतो. तो दरवर्षी बदलतो आणि त्याच्याविना त्या व्यक्तीच्या नावावर ई-विवरणपत्र स्वीकारले जात नाही. जानेवारी २०२१ पासून ही सोय तेथील सर्व करदात्यांना खुली झाली आहे. कराच्या नावाने येणाऱ्या धमकीच्या फोनबाबतही त्यांनी सावध राहावे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील ज्या कॉल सेंटरवर छापे घातले, तेथून त्याच महसूल विभागाचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकी नागरिकांना अटकेची भीती घातली जात होती.

जबाबदारी कोणाची?

नागरिकाने दक्ष राहावे हे खरे, पण माहिती गोळा करणाऱ्यांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळातच एक गंभीर त्रुटी असल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये दोन संगणक सुरक्षा संशोधकांच्या लक्षात आले. लॉगिन केल्यावर आपल्या जागी दुसऱ्याचा पॅन घातला की त्याचे नाव, पत्ता आणि बँक खात्याचा तपशील दिसत असे. ऑक्टोबरच्या आरंभी ती दूर करण्यात आली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद या कायद्यात आहे.

मात्र कायदा आणि संकेतस्थळ ही दोन्ही साधने वाचता येणाऱ्याच्या, मोबाइल हाताळणाऱ्याच्या कामाची आहेत. ठाण्याच्या मजुराला किंवा मथुरेच्या रिक्षाचालकाला एआयएस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बनावट पेढीसाठी असेच पॅन सोयीचे ठरतात, कारण त्यांच्याकडे कोणी पाहत नसते. म्हणून आपला पॅन तपासून झाला की घरी कामाला येणाऱ्या बाईंचा, इमारतीच्या रखवालदाराचा, गावाकडच्या काकांचा पॅनही जीएसटीच्या संकेतस्थळावर त्यांच्यासमोर बसून एकदा तपासून द्यावा. या कामाला पाच मिनिटे लागतात. एक कोटीची नोटीस निस्तरायला वर्षे जातात.