बिल्ज पंप चालतो, पण पाण्याची खबर कोण देतो?

बोटीच्या तळात थोडेफार पाणी येतच असते. शाफ्टच्या ग्लँडमधून ते ठिबकते, लाकडी फळ्यांच्या सांध्यांतून झिरपते, बर्फ वितळून खाली उतरते. पूर्वी खलाशी हे पाणी बादलीने किंवा हातपंपाने उपसत. त्यामुळे आज पाणी कालच्यापेक्षा जास्त आले की कमी, हे तांडेलाला आपोआप समजे. फ्लोट स्विचचा विजेचा पंप आला आणि कष्ट वाचले, पण ही खबर मिळणे बंद झाले. आमच्या बोटमालक बंधूंनी याचा विचार करणे जरुरीचे आहे.

प्रथम पंपाची ताकद पाहू. खोक्यावर छापलेली क्षमता पाणी वर चढवावे न लागता मोजलेली असते. बोटीत ते मीटर-दीड मीटर चढवावे लागते, पाइपला वळणे असतात, बॅटरी उतरलेली असते. म्हणून छापील आकड्याच्या निम्मेच पाणी बाहेर पडेल, असे धरून चालावे. २००० गॅलनचा पंप कागदावर मिनिटाला सुमारे १२५ लिटर पाणी फेकतो. उलट, पाण्याच्या पातळीखाली १ मीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ३०० लिटर पाणी आत येते. म्हणजे मोठ्या गळतीत पंप फक्त भोक बुजवायला थोडी सवड देतो. ही सवड कामी यायची तर पाणी भरू लागल्याचे लगेच कळले पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात.

१) पंपाच्या स्विचपेक्षा वीतभर उंच दुसरा फ्लोट स्विच बसवून त्याला मोठ्या आवाजाचा भोंगा जोडावा. त्याची वायर व फ्यूज पंपापासून वेगळे ठेवावेत. पंप बंद पडला तरी भोंगा वाजला पाहिजे.

२) पंप चालू असताना पेटणारा दिवा सुकाणूजवळ लावावा. पंप दिवसातून किती वेळा चालतो, हे वहीत लिहावे. रोज चार वेळा चालणारा पंप दहा वेळा चालू लागला, तर ग्लँडची दोरी आणि सांधे त्याच दिवशी तपासावेत.

३) पंपाचा फ्लोट स्विच मेन स्विचमधून न घेता, बॅटरीजवळ फ्यूज बसवून थेट बॅटरीला जोडावा. नाहीतर धक्क्याला बोट बांधून मेन स्विच बंद केला की पंपही बंद होतो. सणासुदीला खलाशी गावी गेलेले असताना बोट धक्क्यालाच बुडू शकते.

बॅटरीचाही हिशेब ठेवावा. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीची निम्मी शक्ती वापरायची म्हटली, तर ८ अँपिअरचा पंप जेमतेम ६ तास चालतो. त्यामुळे बांधलेली बोट दिवसातून एकदा तरी कोणी पाहून यावी.

फ्लोट जाळ्याच्या धाग्यांनी, खवल्यांनी अडकतो. इलेक्ट्रॉनिक सेन्सरला हलणारा भाग नसतो, पण त्यावर तेलकट थर बसला की काही सेन्सर फसतात. म्हणून कोणताही स्विच असो, दर पंधरवड्याला तळ साफ करावा. मग बादलीने पाणी ओतून पंप सुरू होतो का, पाणी खरोखर बाहेर पडते का, हे पाहावे, आणि वरचा स्विच हाताने उचलून भोंगा वाजवून घ्यावा. वायरींचे जोड तळातील पाण्यापासून उंच ठेवावेत.

दुसरा स्विच, भोंगा आणि दिवा मिळून ट्रॉलरच्या एका फेरीच्या डिझेलइतकाही खर्च येत नाही. मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर असतानाच हे काम उरकून घ्यावे.