बदली ट्रान्झिस्टर

चाळीस-पन्नास वर्षे घरातील गाणे सांभाळलेला अँप्लिफायर दुरुस्तीच्या टेबलावर येतो, तेव्हा त्याचा ट्रान्सफॉर्मर बहुधा शाबूत असतो आणि निकामी झालेला असतो तो एखादा असा ट्रान्झिस्टर, की ज्याचे उत्पादन कारखान्याने केव्हाच बंद केलेले आहे. अशा वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ‘याच्या जागी हा चालतो’ असे सहज सांगितले जाते. परंतु ‘चालतो’ आणि ‘निभावतो’ यांतील अंतर ओळखणे हेच या कामातील खरे कसब होय.

बदलीची नेमणूक करण्यापूर्वी मूळ हुद्देदाराचे काम काय होते, हे पाहावे लागते. युरोपीय पद्धतीच्या क्रमांकात ‘ए’ हे पहिले अक्षर जर्मेनियमचे आणि ‘बी’ सिलिकॉनचे. एसी१२८ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरला जागे होण्यास सुमारे ०.२ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला मात्र ०.६ व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणून बायसची मांडणी न बदलता जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन बसविला, तर मोठ्या आवाजात दोष झाकला जातो, पण आलापाच्या मंद सुरांवर खरखरीची किनार उमटते. पायांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा: सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर सी१८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस असे.

आउटपुटच्या जागी तर अधिक सावधगिरी हवी. २एन३०५५ ची मर्यादा ६० व्होल्ट, १५ अँपिअर आणि ११५ वॅट. यांतील वॅटचा आकडा धातूचे कवच २५ अंशांवर राखले तरच खरा. अधिक-उणे ३५ व्होल्टच्या अँप्लिफायरमध्ये पूर्ण आवाजाच्या वेळी बंद बाजूच्या ट्रान्झिस्टरवर जवळजवळ ७० व्होल्टचा ताण येतो, म्हणून तेथे हा नामांकित गडीही अपात्र ठरतो. शिवाय जुन्या घडणीचे ट्रान्झिस्टर संथ होते. त्यांच्या मंदगतीचा हिशेब धरून आखलेल्या सर्किटमध्ये अतिवेगवान बदली बसविला, तर कानाला ऐकू न येणारे आंदोलन सुरू होऊन, गाणे न लावताही हीटसिंक तापू लागतो.

एकदा नवा बसविलेला ट्रान्झिस्टर पहिल्याच संध्याकाळी जळाला, तेव्हा मी त्याची टोपी करवतीने कापून पाहिली. जुन्या, अस्सल नगाच्या पोटात मसुरीएवढी चकती होती. याच्या पोटात तिळाहून थोडी मोठी. बाहेरचा शिक्का मात्र दोहोंवर सारखाच होता. तेव्हापासून केवळ छापलेल्या क्रमांकाला मी दाखला मानीत नाही.

म्हणून जो मेला तो कशाने मेला, याची तपासणी आधी करावी: सुकलेला कपॅसिटर, घसरलेला बायस, फाटलेला अभ्रक. नंतर १०० वॅटचा सिरीज बल्ब लावून वीज द्यावी; बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर पुढे जावे, आणि तेजस्वीच राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे असे समजावे. सारे ठीक दिसल्यावर सिरीज बल्ब काढून एमिटरच्या ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट मोजले, म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअरचा प्रवाह वाहतो आहे असे कळते. तो सर्किटच्या आखणीबरहुकूम आहे का, हे पाहावे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. उष्ण झाल्यावरही तो आकडा जागेवर राहिला, तरच बदलीची नेमणूक कायम करावी.