आठ ग्रॅमचं कोडं

डिसेंबरातली सकाळ. सातपुड्यातल्या तोरणमाळला यशवंत तलावाकडून सीताखाईच्या दिशेनं चालत होतो. माथ्यावरच्या पानांतून ‘चिस्ली, चिस्ली’ असा बारीक आवाज आला. पानाएवढा, पानाच्याच रंगाचा पक्षी. दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो पलीकडच्या फांदीवर!

चष्मेवाला असता तर डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या कड्यावरून लगेच कळला असता, शिंजीर वाकड्या चोचीवरून. हा मात्र वटवट्या. वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. आणि याच वर्णनात बसणारे त्याचे कितीतरी भाऊबंद. नुसता रंग चित्रांशी ताडत बसलं, तर पक्षी उडून जातो आणि शंका तशीच राहते.

इथे कान कामाला येतात. इंग्लंडच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये अशाच सारख्या दिसणाऱ्या वटवट्यांच्या तीन जाती गाण्यावरून वेगळ्या केल्या होत्या. आपल्याकडे अडचण अशी की हे हिवाळी पाहुणे. त्यांचं खरं गाणं हिमालयात किंवा मध्य आशियात, विणीच्या काळात; सातपुड्यात मुख्यतः ऐकू येते ती छोटी साद. पण तीही जातीगणिक वेगळी असते. ती दोन तुकड्यांची ‘चिस्ली’ आणि पंखावरची एकच पुसट रेघ, यावरून माझा पाहुणा ग्रीनिश वॉर्ब्लर ठरला. वजन जेमतेम आठ ग्रॅम!

पुढे कातळावर दुसरा वटवट्या दिसला. पंखावर रेघ नाही, पोट पिवळसर, भुवई पुढच्या बाजूला नारिंगी. पण ओळख पटली ती चालीवरून. तो कातळावरून आणि बुंध्यावरून खारीसारखा सरसरत किडे टिपत होता. ही सल्फर-बेलीड वॉर्ब्लरची खास सवय, आणि मला ती कुठल्याही रंगापेक्षा भरवशाची वाटते.

नेमक्या ओळखीचं मोल सांगणारी एक गोष्ट इथलीच. सातपुड्याच्याच पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात, नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा (एक छोटं घुबड) पुन्हा सापडला. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी आधी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले, एका संग्राहकाचा नमुना बनावट नोंदीचा असल्याचं ओळखलं आणि मगच शोधाची जागा ठरवली. नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याहून तो वेगळा, हे पक्कं ठाऊक असलेले डोळे तिथे पोहोचले, म्हणून तो दिसला.

तोरणमाळला जाल तेव्हा पुस्तक थोडं उशिरा उघडा. आधी वहीत लिहा: झाड कोणतं, उंची किती, हालचाल कशी, साद कशी. तरीही जात कळली नाही, तर ‘वटवट्या, जात अनिश्चित’ एवढंच लिहा. अंदाजानं नाव ठोकून देऊ नका.